कागद नसलेल्यांचा अर्ज
(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील मजकुराचे भाषांतर करताना एका शब्दापाशी माझी लेखणी थबकते. तेथील उजवे राजकारणी ज्यांना ‘बेकायदा परदेशी’ म्हणतात, त्यांना स्पॅनिश बोलणारे श्रमिक ‘सिन पापेलेस’, म्हणजे ‘कागद नसलेले’, असे म्हणतात. पहिला शब्द माणसालाच गुन्हा ठरवतो. दुसरा सांगतो, की माणूस आहे, त्याचे श्रम आहेत. नाही तो केवळ कागद. अशा श्रमिकांच्या मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारी साहाय्य कसे मिळते, हा आजचा विषय आहे.

१९७५ साली टेक्सास राज्याने या मुलांच्या शालेय शिक्षणासाठी निधी नाकारणारा कायदा केला. टायलर गावच्या शाळांनी त्यांच्याकडून वर्षाला एक हजार डॉलर फी मागितली. हद्दपारीची भीती असूनही काही पालक न्यायालयात गेले. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. शाळेचे दार उघडले; महाविद्यालयाचे मात्र नाही. केंद्रीय शिष्यवृत्ती व कर्ज या विद्यार्थ्यांना आजही मिळत नाही.

१९९६ च्या केंद्रीय कायद्याने तर, केवळ राज्यातील वास्तव्याच्या आधारे त्यांना फीसवलत देण्यावर बंधन घातले. कॅलिफोर्नियाने २००१ साली यातून वाट काढली. सवलतीचा आधार वास्तव्य नव्हे, तर शिक्षण ठरवला : राज्यातील माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिकून जो उत्तीर्ण झाला, त्याला स्थानिक दराने फी. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. २०११ च्या ‘ड्रीम’ कायद्याने पुढचे पाऊल टाकले आणि २०१३ पासून राज्याचे अनुदानही या विद्यार्थ्यांना खुले झाले.

त्यासाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या अर्जाहून वेगळा असतो. तो विनामूल्य असून त्यात सामाजिक सुरक्षा क्रमांकाची सक्ती नाही. कुटुंबाचे उत्पन्न मात्र लिहावे लागते. शिवाय, पात्र होताच आपले वास्तव्य कायदेशीर करण्यासाठी अर्ज करीन, असे लेखी निवेदन द्यावे लागते.

तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या आपल्या विद्यार्थ्याला अर्जाची दगदग परिचित आहे. पण तेथे प्रश्न दगदगीचा नसून भयाचा आहे. वडील शेतात फळे तोडतात, आई उपाहारगृहात भांडी घासते. त्यांचे नाव, पत्ता, मिळकत सरकारी कागदावर लिहायची की नाही? आजवर जगण्यासाठी जे लपवले, तेच शिकण्यासाठी उघड करायचे! हक्क असूनही अर्ज न भरणाऱ्याला आळशी कोण म्हणेल?

आणि हे सरकारच्या दयेवर जगणारे लोक नव्हेत. तेथील ‘कर व आर्थिक धोरण संस्थे’च्या अंदाजानुसार, कागद नसलेल्या स्थलांतरितांनी २०२२ साली सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला. कर घेताना राज्यसंस्थेला त्यांचा कागद आठवत नाही. शिष्यवृत्ती देताना तेवढा आठवतो.

मिळालेला हक्क किती नाजूक असतो, हे टेक्सासने दाखवून दिले. अशी फीसवलत २००१ सालीच देणारे ते पहिल्या राज्यांपैकी एक. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने त्याविरुद्ध दावा दाखल केला. राज्य सरकारने लढण्याऐवजी संमती दिली आणि त्याच दिवशी न्यायालयाने सवलतीस मनाई केली. चोवीस वर्षांचा कायदा एका दिवसात गेला. ज्यांचे शिक्षण पणाला लागले होते, त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याइतकाही वेळ कोणाला नव्हता.

म्हणून मित्रहो, कायदा झाला म्हणजे काम संपले असे मानू नका. अर्ज भरताना त्या मुलाशेजारी कोणीतरी बसले पाहिजे, त्याचे भय समजून घेतले पाहिजे. आणि कायद्यावर घाला आला, तर त्याच्या बाजूने उभे राहणारी संघटना असली पाहिजे. एकट्याच्या हातातील हक्क हा शेवटी एक कागदच असतो. आणि कागद हिरावून घ्यायला एक दिवस पुरतो.