शाळकरी खेळाडूची पारख



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, राजकारण, अर्थकारण यांवर आपण दरवर्षी ऐकतो. मैदानाची आठवण मात्र व्यासपीठाला क्वचितच होते. म्हणून आजचा विषय काहींना हलका वाटेल. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे पाहून कोणीतरी 'हा घ्या' किंवा 'हा नको' असे म्हणतो, आणि त्या एका शब्दाने त्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांची दिशा ठरते. हा शब्द कशाच्या आधारावर उच्चारावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्याच रेल्वेमार्गावरचे उदाहरण घेऊ. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणला भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्यांत १२९ चौकार आणि ५९ षट्कार होते. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. जगभर नाव झाले, शिष्यवृत्ती मिळाली. पुढे धावा आटल्या आणि २०१७ मध्ये ती शिष्यवृत्ती सोडण्यात आली.

यात त्या मुलाचे काय चुकले? काहीच नाही. दोन दिवस उन्हात उभे राहून हजार धावा काढायला दम लागतो, चित्त एकाग्र लागते. ते त्याच्यापाशी होते. परंतु समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत गारद झाला होता. धावफलक खोटे बोलत नाही, पण तो अर्धेच सांगतो. मुलाने काय केले ते त्यावर दिसते. कोणासमोर केले, आणि याहून सरस गोलंदाजासमोर तो काय करील, ते दिसत नाही. ते पाहणाऱ्याने पाहायचे असते. आपण आकडा पाहिला आणि मुलाच्या डोक्यावर साऱ्या देशाची अपेक्षा ठेवून मोकळे झालो.

आता दूरचे उदाहरण पाहू. अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंदच म्हणा. तेथील व्यावसायिक संघांचे पारखी गावोगावच्या हायस्कुलांत जाऊन सामने पाहतात. फटके मारणाऱ्या खेळाडूचे ते पाच गुण पाहतात: चेंडू बॅटवर नेमका घेणे, फटक्यातला जोर, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० पर्यंत आकडा देतात. वरिष्ठ साखळीतल्या सर्वसाधारण खेळाडूचा आकडा ५०. यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी की, प्रत्येक गुणापुढे रकाने दोन असतात. एक 'आज'चा, दुसरा 'पुढे'चा. आज ३० असलेला मुलगा अंगापिंडाने भरला, त्याला शिक्षक मिळाला, तर कोठवर जाईल, हे दुसऱ्या रकान्यात लिहायचे.

आपल्याकडेही हा दुसरा रकाना वाचणारी माणसे होऊन गेली. सचिन तेंडुलकरला त्याच्या थोरल्या भावाने, अजितने, शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेले. सरांसमोर मुलगा बावरला, नीट खेळेना. तेव्हा, आपण दूर जाऊन झाडाआडून पाहा, अशी अजितने विनंती केली. सरांनी ती मानली, आणि मुलगा मोकळेपणी खेळला. परीक्षकाच्या नजरेचेच ओझे मुलावर पडते, हे त्या झाडाने शिकवले.

दुसरे उदाहरण महेंद्रसिंग धोनीचे. २००२ मध्ये मकरंद वायंगणकरांच्या कल्पनेतून क्रिकेट मंडळाने गुणशोधाची योजना सुरू केली; तिचे प्रमुख होते दिलीप वेंगसरकर. लहान शहरांतले सामने पाहायला जुने खेळाडू पाठवण्यात आले. त्यांपैकी प्रकाश पोद्दारांना जमशेदपुरात धोनी दिसला. यष्टिरक्षण अजून कच्चे, पण फटक्यात विलक्षण ताकद. 'आज'च्या रकान्यात उणिवा होत्याच. 'पुढे'चा रकाना भरता आला, कारण कोणीतरी उठून तिथवर गेले होते.

श्रोतेहो, येथे आपला उंबरमाळीचा मुलगा येतो. कसाऱ्याच्या अलीकडचे हे स्टेशन मुंबईपासून शंभर किलोमीटरांहून दूर. निवड चाचणी मुंबईत सकाळी असली, तर हा मुलगा अंधारात निघतो, उपाशीपोटी पोचतो, दहा-बारा चेंडू खेळतो आणि परततो. अनोळखी माणसे, अनोळखी मैदान. आचरेकरांसमोर बावरलेल्या मुलाला झाड मिळाले, याला कोण देणार? त्याच्यापाशी काय आहे ते त्या दहा चेंडूंत कळते, असे कोणी म्हणू नये.

आणखी एक अन्याय वयाचा. चौदा वर्षांखालील संघात वर्षाच्या आरंभी जन्मलेला आणि अखेरीस जन्मलेला एकाच मापाने मोजले जातात. त्या वयात अकरा महिन्यांत मुलगा झपाट्याने वाढतो. थोराड तो गुणी ठरतो, किरकोळ तो घरी जातो. कॅनडातील आइस हॉकीपासून इंग्लंडातील फुटबॉलपर्यंत हेच आढळले आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक शाळेतील खेळाच्या शिक्षकांनी एक वही ठेवावी. मुलाचे नाव, जन्मतारीख, आणि खेळातला एकेक गुण. त्यापुढे दोन रकाने. एका सामन्यावरून निकाल देऊ नये. निदान तीनदा पाहावे, त्यांतून एकदा तरी मुलाला नकळत. कबड्डीत चढाईचे गुण मोजतोच. पकड बसली तेव्हा पाय कोठे होता आणि पुढच्या चढाईला मुलगा कोणत्या चेहऱ्याने गेला, तेही टिपावे. शेतात पाखरे हाकताना ज्याची गोफण नेमकी जाते, त्याचा खांदा एकदा मैदानावरही पाहावा. आणि तालुक्याच्या संघटनांनी निवडकर्त्यांना वर्षातून एकदा शहापूर-मुरबाडकडे आणावे. आजवर आपली मुले लोकलने त्यांच्याकडे जात आली. कधीतरी त्यांनीही त्याच लोकलने इकडे यावे.

वहीत नाव चढलेला प्रत्येक मुलगा मोठा खेळाडू होणार नाही, फारच थोडे होतील. परंतु 'नको' म्हणण्यापूर्वी कोणीतरी आपल्याला नीट पाहिले, एवढे समाधान प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तो आपण देऊ शकतो.