बिऱ्हाड हलविण्यापूर्वी



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. एखाद्या तरुण दांपत्याने आपले शहर सोडून दुसऱ्या शहरी बिऱ्हाड करावयाचे ठरविले, तर त्यांनी कोणती पूर्वतयारी करावी, एवढाच तो आहे. परंतु या घरगुती प्रश्नामागे आपल्या देशातील फार मोठी घडामोड उभी आहे. १९५१ साली दर १०० भारतीयांपैकी सुमारे १७ जण शहरांत राहत होते. २०११ साली ही संख्या ३१ वर गेली. २०११ च्या त्याच जनगणनेत, पूर्वीचे राहण्याचे ठिकाण सोडून अन्यत्र आलेल्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक भरली. त्यांत दर तिघांमागे दोन स्त्रिया होत्या.

माणूस आपले ठिकाण सोडून का आला, हे विचारण्यास आपल्या जनगणनेत १९८१ पासून प्रारंभ झाला. नोकरी, व्यापार, शिक्षण, विवाह, कुटुंबासोबत येणे अशी काही ठरावीक उत्तरे तेथे असतात आणि माणशी एकच कारण नोंदले जाते. स्त्रियांच्या उत्तरांत विवाहाचे कारण इतर सर्व कारणांपेक्षा कितीतरी मोठे ठरते. लग्नानंतर पतीच्या नोकरीपायी गाव सोडणारी स्त्री ‘कुटुंबासोबत’ या रकान्यात जाऊन बसते. ती शिकलेली असो, कमावती असो, नव्या शहरी पोहोचताच काम शोधणार असो, तिचा रकाना बदलत नाही. नोंद करणाऱ्याला यात दोष देता येणार नाही, कारण घरोघरी भाषाच तशी असते. ‘त्याला नोकरी लागली, म्हणून ती चालली आहे,’ असेच आपण म्हणतो. माझे प्रतिपादन असे की, एका बिऱ्हाडाबरोबर दोन स्थलांतरे घडत असतात, आणि तयारी दोहोंची व्हावयास हवी. एकाच स्थलांतराची तयारी करून निघालेल्या संसारात दुसऱ्याचा हिशेब पुढे कधीतरी निघतोच, आणि तो बहुधा कडवटपणाने निघतो.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. ओडिशातील कटक शहरात एक जोडपे राहते. पती अभियंता आहे. त्याला बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात जागा मिळाली आहे. पत्नी सरकारी रुग्णालयात कायम नेमणुकीवरील परिचारिका आहे. पतीचे आईवडील त्यांच्याजवळच राहतात. महिन्याभरात रुजू व्हावयाचे आहे. घरात भांडीकुंडी बांधण्याची चर्चा सुरू झाली आहे.

सामानाची काळजी आधी करावी, असे मला वाटत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. माणसाचे तसे नसते. त्याच्या बिऱ्हाडाचा मोठा भाग कागदांत, हक्कांत आणि ओळखीच्या माणसांत गुंतलेला असतो. म्हणून या दोघांनी प्रथम एक वही घ्यावी, पानावर मधोमध रेघ ओढावी आणि एका बाजूला त्याचे, दुसऱ्या बाजूला तिचे अशी नोंद करावी: येथे काय सुटणार, तेथे काय मिळणार, आणि जे मिळेल ते केव्हा मिळेल. त्याच्या बाजूचे उत्तर पहिल्याच दिवशी तयार असते. तिच्या बाजूला मात्र शोध घ्यावा लागतो.

तो शोध असा. परिचारिकेचे शिक्षण साऱ्या देशात मान्य असले, तरी व्यवसायासाठी ज्या राज्यात काम करावयाचे तेथील परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी जुन्या राज्याच्या परिषदेचे ना-हरकत पत्र लागते. हा पत्रव्यवहार कटकमध्ये असतानाच सुरू करणे सोयीचे. दूर गेल्यावर प्रत्येक सहीसाठी सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर आडवे येते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. राज्य सरकारच्या सेवेतील कर्मचाऱ्याची दुसऱ्या राज्यात सहजासहजी बदली होत नाही. तिने राजीनामा दिला, तर नोकरीबरोबर सेवाज्येष्ठताही जाते. म्हणून राजीनाम्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी दीर्घ रजा मिळू शकते काय, याची लेखी चौकशी तिने करावी. काही महिने पतीने एकट्याने पुढे जावे आणि नोंदणी होऊन काम दृष्टिपथात आल्यावर पत्नीने जावे, हाही एक मार्ग आहे. यात लोक काय म्हणतील, हा विचार गौण होय.

आता हक्कांकडे वळू. भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचे आणि कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि माणूस जातो तेव्हा त्याचे सगळेच हक्क त्याच्याबरोबर जातात असे नाही. काही जातात. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच कायम क्रमांक मिळू लागला, त्यामुळे मालक बदलला तरी साठलेली रक्कम नव्या खात्याशी जोडता येते. शिधापत्रिकेवरील केंद्रीय योजनेचे धान्य देशात कोठेही घेता यावे, ही व्यवस्था २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. राज्य सरकारे आपल्या खर्चाने जी जादा सवलत देतात, ती मात्र मागेच राहते.

मतदानाचा हक्क नाहीसा होत नाही, पण तो हलवून घ्यावा लागतो. ज्याचे सामान्यतः जेथे वास्तव्य, तेथेच त्याचे नाव मतदारयादीत असावे, असा १९५० चा कायदा सांगतो. गावी स्वतःचे घर आहे एवढ्यावर तेथील मतदार राहता येत नाही. पत्ता बदलल्यावर नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. पुष्कळ जोडपी हे काम वर्षानुवर्षे करीत नाहीत. अशी माणसे नव्या शहराच्या रस्त्यांविषयी तक्रार करतात, पण तेथील प्रतिनिधीच्या हिशेबात ती नसतातच.

काही हक्क तर राज्याच्या सीमेवरच थांबतात. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला, केवळ मूळ राज्याच्या यादीत आपली जात आहे या आधारावर, नव्या राज्यातील आरक्षणाचा लाभ मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात दिला, आणि राज्यांच्या सेवांबाबत २०१८ साली तेच तत्त्व पुन्हा सांगितले. ज्या कुटुंबाला हा निर्णय लागू पडतो, त्याच्या दृष्टीने स्थलांतराचा अर्थच बदलतो. मुलांच्या भवितव्याचाही विचार त्यात येतो. ही माहिती निघण्यापूर्वी हाती असणे आणि दहा वर्षांनी एखाद्या कचेरीच्या खिडकीशी कळणे, यांत महदंतर आहे.

यानंतर घराचा प्रश्न. बंगळुरात घरमालकाने दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागावी, असा प्रघात दीर्घकाळ होता. अलीकडे अनेक ठिकाणी ती कमी झाली असली, तरी बाहेरून येणाऱ्याला ती जडच जाते. केंद्राने २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे, परंतु राज्याने तसा कायदा केल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक असल्यामुळे बहुतेक करार अकरा महिन्यांचे केले जातात. त्या शहरात आणखी एक पद्धत आढळते: दरमहा भाडे न देता एकरकमी मोठी ठेव द्यावयाची आणि मुदत संपल्यावर ती परत घ्यावयाची. ऐकावयास हे गोड वाटते; पण घर आधीच बँकेकडे गहाण असले, तर ठेव आणि छप्पर दोन्ही धोक्यात येतात. नवख्याने या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

घर कोठे घ्यावे, यातही दोन स्थलांतरांचा प्रश्न दडलेला आहे. पीण्या शहराच्या वायव्येला आहे. मोठी रुग्णालये पुष्कळशी दक्षिण भागात आहेत. कारखान्याला लागून घर घेतले, तर त्याचा प्रवास वाचतो आणि तिचा दुप्पट होतो. मग संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडेच असेल, तर तिने नोकरी सोडावी असे बोलणे वर्षभरात सुरू होते, आणि तो निर्णय जणू तिनेच घेतला असे सर्वांना वाटते. वास्तविक तो घर घेतानाच झालेला असतो. पीण्यापासून मल्लेश्वर आणि जयनगरपर्यंत मेट्रोचा एकच मार्ग २०१७ पासून सलग चालतो. त्या मार्गावर मध्ये कोठेतरी थोडे लहान घर घेतले, तर प्रवासाचा भार दोघांत वाटला जातो.

घर पाहताना पाण्याची चौकशी भिंतींच्या रंगाआधी करावी. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठारावर वसले आहे आणि मोठी नदी जवळ नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणले जाते. १९७४ साली त्या योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला आणि २०२४ च्या अखेरीस पाचवा कार्यान्वित झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटून अनेक वस्त्यांना टँकरवर दिवस काढावे लागले होते. महानदी आणि काठजोडी यांच्या बेचक्यात वाढलेल्या माणसाला पाणी विकत घेण्याची कल्पनाही नसते. इमारतीला नळजोड आहे की केवळ विंधनविहीर, टँकरचा खर्च कोण देतो, हे घरमालकाला विचारावे आणि शेजाऱ्यालाही विचारावे.

भाषेविषयी थोडे सांगतो. २०११ च्या नोंदीप्रमाणे बंगळूरच्या रहिवाशांत कन्नड मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी होते. त्यामुळे हिंदी-इंग्रजीवर निभावते, असे नवख्याला सांगितले जाते. अभियंत्याचे कदाचित निभावेलही. परिचारिकेचे निभावत नाही. खेड्यातून आलेल्या रुग्णाला कोठे दुखते, हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते. म्हणून कन्नडचे पहिले धडे कटकलाच, दोघांनी मिळून घ्यावेत. लिपी वेगळी असली, तरी संस्कृतातून आलेले असंख्य शब्द ओळखीचे निघतात. ‘स्वल्प’ हा शब्द बंगळूरच्या बाजारात पावलोपावली ऐकू येतो, आणि तो ओडिया माणसाला परका नाही. यजमानाची भाषा शिकणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय आजारपणाच्या रात्री शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचा धीर त्यातूनच येतो.

राहता राहिले आईवडील. त्यांची तयारी म्हणजे केवळ दरमहा पैसे पाठविणे नव्हे. त्यांची औषधे कोण आणील, रात्री हाक कोणाला मारावयाची, बँकेचे आणि दवाखान्याचे कागद कोठे आहेत, हे त्यांच्यासमक्ष ठरवावे. दोघांपैकी कोणी केव्हा परत येऊन जावयाचे, हेही आधी बोलून घ्यावे. कार्तिकी पौर्णिमेला कटकमध्ये बालियात्रेची जत्रा भरते. त्या सुमारास घरी यावयाचे असे ठरले, तर मागे राहिलेल्यांना वर्ष मोजण्यासाठी एक खूण मिळते.

शेवटी, वहीतील त्या दोन बाजूंवर एक तारीख घालावी, निघाल्यापासून बरोबर एक वर्षानंतरची. त्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून पाहावे की, तिच्या बाजूला लिहिलेले किती साध्य झाले. ते साध्य झाले नसेल, तर कारखान्याची वेळ, घराचे ठिकाण, कामांची वाटणी किंवा प्रसंगी ते शहरही पुन्हा विचारात घेण्याची तयारी पतीने ठेवावी. एवढा शब्द त्याने निघण्यापूर्वी दिला आणि पाळला, तर पुढल्या जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा आपण या शहरी का आलो याचे उत्तर ती स्वतः देईल, आणि ते तिचे स्वतःचे असेल.