बरणी न फोडतां



शाळेच्या कपाटांत कांचेच्या बरणींतला बेडूक आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. मद्यार्कांत बुडविलेला, रंग उडालेला तो प्राणी वर्गांत दाखवितांना एक प्रश्न हटकून येई: “गुरुजी, ह्याच्या पोटांत काय आहे?” उत्तर द्यावयाचें तर बेडूक चिरावा लागे, आणि चिरला म्हणजे पुढच्या वर्गास दाखवावयास तो उरत नसे.

मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांपुढेंही हाच पेंच होता. तो कसा सुटला, तेवढें आज सांगावयाचें आहे.

१९७१ सालीं लंडन येथें गॉडफ्रे हौन्सफील्ड ह्यांच्या यंत्रानें एका रुग्णाच्या मस्तकाचें पहिलें सीटी चित्र घेण्यांत आलें. तेंच तत्त्व येथें योजिलें आहे. फरक इतकाच कीं, रुग्णालयांत यंत्र रुग्णाभोंवतीं फिरतें; येथें यंत्र स्थिर राहून प्राणी फिरतो. बरणींतून काढलेला सरडा वाळूं नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवींत घालतात, हलूं नये म्हणून फोमच्या तुकड्यांत बसवितात, आणि लहानशा फिरत्या चौथऱ्यावर ठेवतात. एका बाजूनें क्ष-किरण सोडावयाचे, दुसऱ्या बाजूस छाया टिपावयाची, चौथरा किंचित् वळवावयाचा. अशा शेंकडों, कधीं हजारांवर छाया जमल्या म्हणजे संगणक त्यांतून हाडांची घनाकृति रचतो. स्नायूंसारखे मऊ भाग क्ष-किरणांस फारसे अडवीत नाहींत. ते दिसावे म्हणून निवडक प्राणी आयोडिनच्या द्रावांत कांहीं दिवस भिजवावे लागतात.

ऐकावयास हें नवलाचें वाटतें. प्रत्यक्षांत काम चिकाटीचें आहे. प्राणी केसभर हलला तर चित्र पुसट होतें. चिठ्ठीवरील क्रमांकाचा एक आंकडा लिहितांना चुकला, तर उत्तम चित्रही निरुपयोगी. कारण तो प्राणी कोठें व केव्हां सांपडला, हें मग त्यावरून कोणासच सांगतां येत नाहीं.

अमेरिकेंत फ्लॉरिडा येथील निसर्गेतिहास-संग्रहालयाच्या पुढाकारानें १८ संस्थांनीं २०१७ ते २०२३ ह्या काळांत १३,००० हून अधिक पृष्ठवंशीय प्राण्यांचीं अशीं चित्रें घेतलीं व तीं जगास विनामूल्य खुलीं केलीं. ह्याच उद्योगांत काटेरी उंदराच्या शेपटींत, कातडीखालीं, हाडांच्या चकत्या दिसल्या. २०२३ सालीं तें वृत्त प्रसिद्ध झालें. आजच्या सस्तन प्राण्यांत असें चिलखत म्हणून एका आर्माडिलोचेंच नांव सांगण्याची रीत होती!

कोणी म्हणेल, चित्र हातीं आलें, आतां बरण्या कशाला सांभाळावयाच्या? ह्या प्रश्नास ब्राझीलनें मोठी किंमत देऊन उत्तर दिलें आहे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयास आग लागली. १८१८ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेंत सुमारें २ कोटी वस्तु होत्या. त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. कांहीं वस्तूंचीं चित्रें पूर्वीं घेतलेलीं होतीं, म्हणून त्यांचा आकार तेवढा आज उरला आहे. परंतु आकार म्हणजे वस्तु नव्हे. चित्रांतून आनुवंशिक द्रव्य काढतां येत नाहीं, कीं प्राण्याच्या शरीरांत कोणतें विष मुरलें होतें हें तपासतां येत नाहीं.

तेव्हां चित्र हें बरणीचें साहाय्यक आहे, वारस नव्हे. मुलांनीं काल विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज बेडूक न चिरतां देतां येतें. उद्यांचीं मुलें काय विचारतील, हें आज आपणांस सुचतही नाहीं. त्यांच्यासाठीं बरणी जपलीच पाहिजे.