बोटांनी वाचायचं ईदकार्ड

आमच्या कर्जतला एके काळी रमजानचे शेवटचे दिवस पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून जात. दिवाळीला शुभेच्छापत्रं, ईदला ईदकार्डं. मोबाइल आला आणि दोन्ही आटली. मीही पाठवणं सोडलं होतं. पुन्हा हात घातला तो खोपोलीच्या खालासाठी. काचबिंदूनं तिची नजर गेली. मुबारकबाद फोनवर देता येई. पण ती म्हणाली, ‘‘फोन ठेवला की हातात काय उरतं रे?’’

मग उठावाचं कार्ड करायचं ठरवलं. पुण्याची हातकागद संस्था गाठली. गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झालेली ही संस्था. हातकागदाचा लगदा सुती चिंध्यांचा, त्यामुळे तंतू लांब. दाबला तर कागद ताणतो, चटकन फाटत नाही. गिरणीच्या साध्या कागदावर हाच प्रयोग केला, तर कडांना चिरा पडल्या. गंमत पाहा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे, जुन्नरचे जुने कागदी ताव घोटघोटून गुळगुळीत करीत, बोरू अडखळू नये म्हणून. पेशवाईतल्या दप्तरांत हे दौलताबादी, जुन्नरी कागद आढळतात. मला हवा होता नेमका उलटा, बोट अडखळेल असा. भाताच्या पेंढ्याचे तुकडे मिसळलेला जाड ताव घेतला.

कृती तशी सोपी. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून आकार कापायचा, काचेवर चिकटवायचा, काचेखाली दिवा ठेवायचा. वर कागद पालथा घालून बोथट टोकानं आकाराच्या कडेकडेनं दाबत जायचं. मी रिकामं बॉलपेन वापरतो. कागद किंचित दमट हवा. आषाढात आमच्याकडे त्यासाठी वेगळं पाणी लागत नाही, हवाच पुरते!

पहिल्या कार्डावर मी हौसेनं मिनार, जाळी, वेलबुट्टी सगळं काढलं. खोपोलीची लोकल पकडली. पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी... सगळी वाट कार्ड मांडीवर, कुणाचा कोपर लागू नये म्हणून. खालानं बोट फिरवलं. कागद लगेच ओळखला, ‘‘पेंढा आहे की रे यात!’’ आयुष्य भातशेतीत गेलेलं. नक्षीवर मात्र बोट नुसतं भटकत राहिलं. ‘‘खरखरतंय खूप. आहे काय हे?’’

मग अक्षरं. खाला मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. बोट डावीकडून उजवीकडे गेलं, थांबलं, उलट फिरलं. आणि ती हसत सुटली, ‘‘उर्दूच्या अंगानं मराठी लिहिलंस काय रे?’’ पुठ्ठा काचेवर उलटा चिकटवायला मी विसरलो होतो. कागदाच्या पाठीवर काम करताना देवनागरी उजवीकडून डावीकडे चालवावी लागते. इतकी वर्षं मराठीत कविता लिहून हे मला तेव्हा कळलं.

दुसरं कार्ड साधं केलं. एकच चंद्रकोर, बोटभर उंचीची जाड अक्षरं. ‘ई’ तीनदा बदलावी लागली, तिची वळणं एकमेकांत मिसळत होती. ‘मुबारक’ मात्र खालानं एका दमात वाचलं. मग पुन्हा वाचलं.

ते कार्ड तिच्या उशाशी असतं. वर्षभर बोटं फिरून चंद्र पार चपटा झाला. परवा निरोप आला, ‘‘यंदाचा चंद्र जरा जाड काढ.’’ सध्या दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवून बघतोय.