जागल शेताची आणि मनाची
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. तेव्हा गडचिरोलीही याच जिल्ह्यात होते. दर ऑक्टोबरात आपण दीक्षाभूमीवर जातो, २२ प्रतिज्ञांचे स्मरण करतो. पण दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर काय? हाच आमचा आजचा विषय आहे.

स्मृती, अप्रमाद हे शब्द जड वाटतात. ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणे, ते भिक्खूंचे काम, असे आपल्यातले पुष्कळ लोक समजतात. पण आम्ही म्हणतो, सावधपणा आपल्या लोकांना नवा नाही. धान भरले की रानडुकरांपायी रात्रभर जागल कोण करते? पहाटे मोहफुले वेचणारी बाई ओणवी असते, पण तिचा कान झुडपाकडे असतो. वाघाचे भय आहे ना! कोळसा खाणीत उतरणारा कामगार आधी डोक्यावरचे छत पाहतो. हीच जागल आत वळवली, की तिला सम्यक स्मृती म्हणावे.

आता पंचशील बघा. पहिल्या चार शिलांनी आपण हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटे बोलणे टाळतो. पाचव्यात मद्य वर्ज्य केले, आणि त्याचे कारणही त्याच शिलात सांगितले आहे : प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. राखणदारच झोपला तर धान कोण वाचवील? पेला ओठाला लागला की जीभ सुटते, हात उठतो, मुलीच्या फीचे पैसे जातात. एक शील मोडले की उरलेली चारही धोक्यात येतात.

गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. त्यामागे गावोगावच्या लोकांची चळवळ होती. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा पाहिजेच, पण कायदा येतो तसा जातोही. घरातली जागल मात्र कोणतेही सरकार उठवू शकत नाही.

मग करायचे काय? सकाळी त्रिशरण-पंचशील घाईने म्हणू नये, प्रत्येक शिलाचा अर्थ लेकरांना सांगावा. राग आला तर तीन श्वास आत-बाहेर जाताना पाहावेत, मगच तोंड उघडावे. पगाराच्या किंवा तेंदूपत्त्याच्या मजुरीच्या दिवशी पैसा आधी घरी आणावा, नवरा-बायकोने मिळून हिशेब मांडावा. रात्री निजण्याआधी विचारावे, आज आपल्यामुळे कोणाला दुःख झाले काय?

माणसाने माणसाशी नीट वागणे यातच धम्म आहे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समजावले. भगवंतांनीही कुसिनाऱ्याला अखेरच्या घटकेला अप्रमादाचाच उपदेश केला. विहाराच्या भिंती आपण वर्गणीने उभ्या केल्या. ही जागल मात्र ज्याची त्यालाच करावी लागेल. ती आज रात्रीपासूनच सुरू करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!