आंग्र्यांच्या नावाचं राज्य

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर हात चालूच ठेवा. आज हप्त्याचं, व्याजाचं काही सांगणार नाही. आज एका नावाची गोष्ट आहे.

नाव आपल्या ओळखीचं आहे. आंग्रे. कान्होजी आंग्रे, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. अलिबागचा कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून पुढे आंग्रे झालं असं सांगतात. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून माल नेणं अवघड होतं. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, आणि हात हलवत परत गेले. मग काय, राग निघाला कागदावर. इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. आणि आंग्रे हे नाव ते लिहीत 'अँग्रिया'. कान्होजींनाही तेच, पुढे त्यांच्या मुलांनाही तेच. 1737 साली लंडनमध्ये एका खलाशाचं पुस्तक छापलं गेलं, त्याच्या नावातच 'चाचा अँग्रिया' होता.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, 1834 साली, इंग्लंडच्या उत्तरेकडे हॉवर्थ नावाच्या गावात एक राज्य उभं राहिलं. त्याचं नाव अँग्रिया. अक्षरं तीच. त्याला राजा होता, सरदार होते, फितुरी होती, लढाया तर संपतच नव्हत्या. फक्त ते जमिनीवर नव्हतं, कागदावर होतं. मांडणारे होते अठरा वर्षांची शार्लट ब्राँटे आणि तिच्यापेक्षा वर्षाने लहान भाऊ ब्रॅनवेल.

या घराची हकिगत ऐका. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. सहा मुलं. आई 1821 सालीच गेली. चार वर्षांनी थोरल्या दोन मुली शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि गेल्या. उरली चार: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. त्यांना सांभाळायला मावशी येऊन राहिली होती. या मावशीचं नाव लक्षात ठेवा, एलिझाबेथ ब्रॅनवेल. पुढे तिचं काम आहे.

1826 साली वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. आणले मुलासाठी, पण बहिणींनीही एकेक उचलला. शार्लटने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजे तोच इंग्रज सेनापती, ज्याने 1803 साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. तो तिचा लाडका वीर. पुढे अँग्रियाचा राजा झाला तो गोष्टीतल्या वेलिंग्टनचाच मुलगा. म्हणजे नाव आंग्र्यांचं, आणि गादीवर मराठ्यांशी लढलेल्याचा पोरगा! मला तर हसूच आलं वाचताना.

त्या शिपायांच्या गोष्टी मुलं लिहायला लागली. पुस्तकं किती मोठी? काड्यापेटीएवढी. कागद मिळेल तो, साखरेच्या पुड्याचासुद्धा, कापून सुईदोऱ्याने शिवलेला. शिपायांनाच वाचायचंय म्हणून अक्षर इतकं बारीक की मोठ्या माणसाला भिंग लागावं. त्यातलं शार्लटच्या हातचं एक पुस्तक 2019 साली पॅरिसच्या लिलावात 6 लाख युरोला गेलं. पोरी वह्यांत काहीतरी गिरबटत बसतात म्हणून ओरडायच्या आधी हे आठवा.

अँग्रियात लढाया रचायचा उत्साह ब्रॅनवेलला जास्त. शार्लटला माणसं हवी असत, त्यांची मनं, त्यांची भांडणं. धाकट्या एमिली आणि ॲन या दोघांच्या हुकमाला कंटाळून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपलं वेगळं राज्य काढलं. त्याचं नाव गोंडल. गुजरातेत सौराष्ट्रात गोंडल आहे ना, तेच नाव. तिथेही युद्धंच.

शार्लट पुढे शाळेत शिकवायला लागली. दिवसभर पोरींच्या वह्या तपासायच्या आणि मन अँग्रियात. लिहिण्यावर पोट भरेल का, असं तिच्या मनात आलं. तिने इंग्लंडच्या राजकवीला, रॉबर्ट सदी यांना पत्र लिहून कविता पाठवल्या. 1837 साली उत्तर आलं. तुझ्यात गुण आहे, असं ते म्हणाले. पण लेखन हे बाईच्या आयुष्याचं काम नव्हे आणि असू नये, असंही लिहिलं. भाषा गोड होती. आपल्यालाही असं गोड बोलून घरी पाठवणारे भेटतातच की. ग्रामसभेत हात वर केला तर म्हणतात, ताई, तुम्ही कशाला त्रास घेता.

1842 साली मावशी वारली. तिने जपून ठेवलेले पैसे भाच्यांच्या वाट्याला आले. त्या पैशातून तिघी बहिणींनी 1846 साली आपल्या कवितांचं पुस्तक छापून घेतलं. बघा, पहिलं भांडवल मावशीच्या बचतीचं! पहिल्या वर्षात प्रती खपल्या किती? दोन. तरी थांबल्या नाहीत. 1847 साली शार्लटची 'जेन एयर' आली आणि गाजली. त्याच वर्षी एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' आली.

पण या पुस्तकांवर शार्लट, एमिली, ॲन ही नावं नव्हती. करर बेल, एलिस बेल, ॲक्टन बेल अशी नावं होती, पुरुषांची वाटतील अशी. पहिलं अक्षर तेवढं आपापलं ठेवलं होतं. बाईने लिहिलंय म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने वाचतात, हे त्यांना माहीत होतं. दूरदेशीच्या सरखेलाच्या नावाशी जुळणारं नाव राज्याला देता आलं, स्वतःचं नाव स्वतःच्या पुस्तकावर घालता आलं नाही.

मला ही गोष्ट रजिस्टर भरताना आठवते. नवीन गट करताना नाव विचारलं की उत्तर येतं, "लिहा ना, सुरेशची आई." सुरेशची आई आहातच हो, पण सही कोणाची? लग्नात नाव बदललेलं, आधारवर एक, पासबुकावर दुसरं, सातबाऱ्यावर तर नाहीच. आमच्या एका ताईंची कर्जाची फाईल बँकेतून तीनदा परत आली, केवळ माहेरचं नाव आणि सासरचं नाव जुळेना म्हणून. म्हशी तिच्या, दूध तिचं, कष्ट तिचे, आणि कागदावर ती कोण तेच ठरेना. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा आपल्या राज्याचा नियम झाला आहे. जन्मनोंद करताना तुमचं नाव तुम्ही म्हणता तसंच लिहिलंय का, हे तिथेच वाचून घ्या. नंतरच्या खेपा वाचतात.

तर त्या बहिणी. लंडनमध्ये बोलवा उठली की हे तिन्ही बेल म्हणजे एकच माणूस आहे. तेव्हा 1848 च्या जुलैत शार्लट आणि ॲन थेट प्रकाशकाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही वेगवेगळ्या आहोत, आणि या अशा आहोत. एमिली आली नाही, तिला नाव उघड व्हायला नकोच होतं. त्याच सप्टेंबरात ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात ॲन. 1850 साली शार्लटने बहिणींची पुस्तकं पुन्हा छापली तेव्हा पुढे चार शब्द लिहून सांगून टाकलं की हे बेल म्हणजे पुरुष नव्हेत, आम्ही बहिणी. ते वाचायला त्या दोघी नव्हत्या.