चार हरणं, एक डोकं

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गर्दी होते ती पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर. तिथून लोक मागे फिरतात आणि एका खांबाच्या माथ्यावर कोरलेली चार हरणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. हरणं चार आहेत, डोकं मात्र सगळ्यांत मिळून एक. हातानं तीन धडं झाकून चौथ्याकडे पाहावं, तर ते हरीण पूर्ण आणि बिनचूक दिसतं. मग हात सरकवून दुसरं धड उघडं करावं, तर तेच डोकं त्याच्याही मानेवर चपखल बसतं. चारही धडांची अशी तपासणी करता येते आणि चारही वेळा शिल्पकार खरा ठरतो.

हे कोरणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेणाचा. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. मेहकर-लोणारहून फार लांब नसलेलं हे गाव. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसलं आहे, तिच्याच दुसऱ्या एका घळीत ही लेणी आहेत. म्हणून गमतीदार चित्रांची गोष्ट बुलढाण्यात सांगायची, तर सुरुवातीला फार लांब जावं लागत नाही.

अशा चित्रांबद्दल एक समज पक्का आहे. मनाला येईल ते काढलं की गंमत होते, असं पुष्कळांना वाटतं. ही चार हरणं वेगळंच सांगतात. त्या माणसानं सृष्टीचा एकच नियम बाजूला ठेवला, ‘प्रत्येक धडाला आपलं डोकं’ हा. बाकीचे सगळे नियम त्यानं कसोशीनं पाळले. हरणाची पाठ कशी वळते, पाय कसे दुमडतात, मान कुठून निघते, यात एका रेषेचीही सूट घेतली नाही. सूट घेतली असती, तर पाहणारा फसला नसता आणि हसलाही नसता. गमतीच्या चित्राला साध्या चित्रापेक्षा जास्त निरीक्षण लागतं, हे या व्याख्यानाचं म्हणणं आहे. पुढची उदाहरणं त्यासाठीच आहेत.

त्याच लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहावं. छत चौकोनांत विभागलेलं आहे आणि त्या चौकोनांत कमळं, फळं, हंस, बैल, हत्ती, ढेरपोटे बुटके गण यांची नुसती धमाल चालली आहे. भिंतीवर बोधिसत्त्वांच्या करुणेच्या कथा आणि डोक्यावर हे सगळं, भिक्खूंच्या विहारात! ज्यांनी हे रंगवू दिलं, त्यांच्या मनाचा मोठेपणाही यात दिसतो.

या छताची किंमत पुढे ओळखली ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि नकला करत राहिले. १८९६-९७ मध्ये त्यांचे दोन मोठे खंड निघाले. त्यांतला दुसरा खंड नक्षीच्या, छताच्या तपशिलांना वाहिलेला आहे. त्यांच्या आधी १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं अजिंठ्यात मुक्काम ठोकून नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांनी नंतर कॅमेरा हाती घेतला आणि १८६० च्या दशकात लोणारच्या मंदिरांची छायाचित्रं काढली. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या जुन्यात जुन्या छायाचित्रांत त्यांचा समावेश होतो.

आता थेट १९५२ च्या दिवाळीत येऊ. अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’चा दिवाळी अंक बाजारात आला. मासिकाच्या मुखपृष्ठावर सुंदर स्त्री हवी, असा तो काळ. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी त्या प्रकाराला फार वरच्या दर्जाला नेलं होतं. ‘मोहिनी’वर मात्र एक तरुण आणि एक तरुणी शेजारी-शेजारी दिसली. तिच्या साडीवर आणि त्याच्या शर्टावर उंदीर-मांजरांची नक्षी. चित्रात शब्द एकही नाही. पुढं काय व्हायचं ते पाहणाऱ्याच्या मनात होतं. चित्रकार होते शि. द. फडणीस.

फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे, जन्म २९ जुलै १९२५ चा. शिक्षण जे. जे.मधलं. उंदीर-मांजराच्या या चित्रात चार हरणांचीच रीत आहे. साडीचा पदर साडीसारखाच पडतो, शर्ट शर्टासारखाच बसतो, माणसं उभी राहतात तशीच उभी आहेत. बदल फक्त कापडावरच्या नक्षीत आहे. छापील कापड तर सगळेच रोज पाहतात, रोज अंगावर घालतात. त्या नक्षीला स्वभाव असेल, भूक असेल, भीती असेल, एवढंच फडणीसांनी मानलं आणि बाकी जग जिथल्या तिथं राहू दिलं.

शब्द नसल्यामुळे ही चित्रं भाषेच्या कुंपणात अडकली नाहीत. १९६५ पासून त्यांची ‘हसरी गॅलरी’ गावोगाव फिरली. चित्रप्रदर्शन म्हणजे हळू आवाजात बोलायची जागा, हा संकेत तिथं मोडला आणि लोक मोकळेपणानं हसू लागले. फडणीस एवढ्यावर थांबले नाहीत. ‘हे तुम्हाला सुचतं कसं?’ हा चित्रकाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न त्यांनी टाळला नाही. ‘चित्रहास’ या कार्यक्रमात ते पडद्यावर चित्रं दाखवत आणि त्यांच्यामागचा विचार उलगडून सांगत. ‘रेषाटन’ या आत्मकथनातही चित्रांच्या जन्मकथा आहेत. कलावंताचं गुपित उघड झालं की जादू संपते, असं मानणारे पुष्कळ असतात. फडणीसांच्या बाबतीत उलट झालं. चित्र कुठून आलं हे कळल्यावर प्रेक्षक पुन्हा त्या चित्राकडे वळत, आणि दुसऱ्यांदा पाहताना त्यांना जास्त दिसे.

त्यांचं एक काम मात्र प्रदर्शनांच्या झगमगाटात थोडं मागे पडलं आहे. सत्तरच्या दशकात बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रं काढली. गणित हा नियमांचा विषय आणि फडणीसांची गंमतही नियमांवर उभी, त्यामुळे ही जोडी जमली यात नवल नाही. खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये ज्या मुलांच्या घरी दिवाळी अंक कधी आला नसेल, त्यांच्याही दप्तरात एक श्रेष्ठ चित्रकार असा जाऊन बसला. एवढा प्रेक्षक कुठल्या कलादालनाला मिळाला असेल?

वसंत सरवटे यांची वाट जरा वेगळी. १९२७ मध्ये कोल्हापुरात जन्म, पेशानं स्थापत्य अभियंता, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. चित्रं नोकरी सांभाळून काढलेली. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावानं लिहू लागले, तेव्हा त्या नावाला चेहरा दिला सरवट्यांनी. तो इतका पक्का ठसला की कित्येकांना ठणठणपाळ आधी दिसे आणि मग वाचला जाई. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यांनी वर्षानुवर्षं केली. मराठी साहित्यातल्या त्या वर्षीच्या हालचाली एका पानावर पाहायच्या, तर वाचक तिथं पाहत. आपल्याला घडवणाऱ्या परदेशी चित्रकारांचं ऋणही त्यांनी उघडपणे मानलं. ‘परकी चलन’ या पुस्तकात त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची मराठी वाचकाशी ओळख करून दिली आणि एकेक चित्र वाचायचं कसं, हे समजावलं. उसनं काय घेतलं हे सांगायला मोकळं मन लागतं, ते त्यांच्याकडे होतं.

गोव्याच्या मारिओ मिरांडांची प्रेरणा तर घराच्या भिंतीपासून सुरू झाली. लहानपणी ते भिंती रंगवत, म्हणून आईनं कोरी वही आणून दिली. मग रोजनिशी शब्दांऐवजी चित्रांत लिहिली जाऊ लागली. त्यांच्या लोटली गावचे पाद्री, शेजारणी, लग्नाची वऱ्हाडं, कुत्री, सगळे त्यात आले आणि पुढची कित्येक दशकं त्यांच्या चित्रांतून फिरत राहिले.

पाहणाऱ्याला फसवून हसवण्याची हीच रीत ‘आवाज’च्या खिडक्यांत आहे; त्या मराठी घरात सांगाव्या लागत नाहीत. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या दिवाळी अंकात पानाला कापलेल्या खिडकीतून दिसतं एक आणि पान उलटल्यावर निघतं भलतंच.

आणि चित्र दाखवता दाखवता त्याची गोष्ट सांगायची, ही चाल तर आपल्याकडे या सगळ्यांहून कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि वाद्यांच्या साथीनं कथा गातात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

बुलढाणा जिल्ह्यात कल्पनेचं हे धन कुठं आहे? एक जागा सर्वांच्या माहितीची आहे, पण चित्र म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिलं जातं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल आखून त्याच्या कडेनं अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, ती समुद्र. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, सांडई-कुरडई म्हणजे गुराढोरांचा चारा आणि पानविडा म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीतून काय हललं, काय जागेवर राहिलं, ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात.

भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा विषय आहे, शेतीचा निर्णय हवामानशास्त्रावरच घ्यावा. पण मांडणी पाहावी! पृथ्वी पुरीएवढी, समुद्र घागरीएवढा आणि राजा विड्याच्या पानात. ज्या कुणी पहिल्यांदा हे योजलं, त्याची नजर चित्रकाराची होती. वस्तू सगळ्या चुलीजवळच्या, कणगीतल्या. बदललेला नियम एकच, आकाराचा. आणि बाकीचा क्रम इतका काटेकोर की पिढ्यान्‌पिढ्या तो हललेला नाही.

लोणारची कथाही अशीच डोळ्यांपुढं उभी राहते. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि मागं राहिलं ते हे विवर. उल्केनं झालेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा पाहून कुणाला तरी झाकण सुचलं. त्या गोलाईकडे ज्यानं तासन्‌तास पाहिलं असेल, त्यालाच हे सुचेल. आणि जून २०२० मध्ये त्याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं. क्षार वाढल्यानं मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग धरला, असं तपासणीत दिसलं. त्याआधीच्या वर्षी एखाद्या मुलानं चित्रात तळं गुलाबी रंगवलं असतं, तर बाईंनी बहुधा त्याला निळी बाटली पुढं केली असती.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना दरवर्षी जिल्ह्यातली मुलं बसतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. आठवडी बाजार, बसथांबा, पाणवठा असे ओळखीचे विषय येतात, आणि बरीच मुलं तयारीच्या पुस्तकातली पाठ केलेली माणसं कागदावर उतरवून मोकळी होतात. खामगावच्या मुलाच्या बाजारात खामगाव दिसत नाही, चिखलीच्या मुलीच्या बसथांब्यावर चिखलीची माणसं नसतात. दोष मुलांचा नाही. त्यांना ‘छान काढलंस’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ‘हे तू कुठं पाहिलंस?’ असं विचारणारं कुणी भेटत नाही.

शाळांच्या चित्रप्रदर्शनांत चित्राखाली मुलाचं नाव आणि इयत्ता असते. तिथंच दोन ओळींची जागा ठेवावी आणि चित्र कशावरून सुचलं ते मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. घाटावरच्या मुलाची ज्वारी, घाटाखालच्या मुलीची पूर्णा नदी, कुणाची आजी, कुणाचं शेपूट तुटलेलं मांजर, काहीही चालेल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांनी आणि गणेश मंडळांनीही हे करावं. पैसे जवळपास लागत नाहीत. लागतो तो एक कलाशिक्षक, जो त्या दोन ओळी वाचायला थांबेल, आणि जिल्ह्यात असे शिक्षक आहेत. या वर्षीच्या स्नेहसंमेलनांपासून सुरुवात करायला हरकत नाही.